माझे पाच : बॅट कुणी दिली?



दर आठवड्याला आपण या जागी आवडीचे पाच खेळाडू निवडतो. निवड समिती एका माणसाची. अध्यक्ष मीच, चिटणीस मीच. राजीनामा मागणारे मात्र पुष्कळ, आणि त्यातले निम्मे घरातलेच. मागच्या खेपेस मी चेंडू उंच मारणारे पाच गडी निवडले, तर टपरीवर एका मित्राने माझ्याच पैशाचा चहा पिऊन मला सुनावले, "भाऊ, तुमच्या यादीत नुसते मारणारेच. तो चेंडू शोधून आणणाऱ्याचं काय?"

तो गंमत करत होता. मला मात्र ते लागले. त्याचे कारण असे.

कन्नड तालुक्यातले आमचे देवगाव रंगारी म्हणजे खेळाला जागेची कमतरता नसलेले गाव. कापूस निघाला की रान मोकळे. रविवारी सकाळी वंदना झाली की आमच्या वस्तीतली पोरे आणि आम्ही काही पोट सुटलेली मोठी माणसे त्या रानात जमतो. स्टंपांच्या जागी तीन पऱ्हाट्या, चेंडू रबरी, बॅट एकच. ती माझ्या पैशाची, म्हणून पहिली फलंदाजी माझी. हा नियम मीच केलेला आहे.

गेले काही रविवार एक सातवीतली मुलगी आमच्यात येते. तिला कुणी बोलावले नव्हते. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून आली आणि बांधापलीकडे गेलेला चेंडू आणून द्यायला लागली. एकदा तिने तो बांधावरूनच फेकला. चेंडू टप्पा न पडता सरळ पऱ्हाटीवर! मी धावबाद. आम्ही सगळे हसलो, टाळ्या वाजवल्या. ती जवळ येऊन म्हणाली, "काका, माझी बॅटिंग कधी?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी."

असे मी तीन रविवार म्हटले. तिसऱ्यांदा म्हणालो आणि रात्री मला पळवणकर बाळू आठवले. म्हणून या आठवड्याची निवड जरा वेगळी.

बी.कॉम. झालेल्या कारकुनाला दोन रकान्यांशिवाय चैन पडत नाही. वहीच्या डाव्या बाजूला मी लिहिले, 'खेळाडूने काय केले', आणि उजव्या बाजूला, 'त्याला बॅट कुणी दिली'. बॅट म्हणजे संधी, हे सुज्ञांस सांगणे न लगे. सचिन यादीत नाही म्हणून पत्रे पाठवू नयेत. त्याला यादीची गरज नाही, यादीलाच त्याची असते.

पहिला गडी : पळवणकर बाळू

जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातले. वडील लष्करात, म्हणून कुटुंब पुण्याला. बाळू तिथे पारशांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करू लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम काय? रोळ ओढायचा, खेळपट्टीवर रेघा मारायच्या, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरी फिरकी. ग्रेग नावाचा इंग्रज तेव्हाचा नामी फलंदाज. तो इतरांच्या आधी येऊन बाळूंकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेई. बाळूंनी बाद केले की दर खेपेला तो आठ आणे देई, असे सांगतात. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ वेळा साहेबाला बाद केले की महिना भरला! ही आकडेमोड करताना मला फार आनंद झाला.

पण उजवा रकाना पाहिला आणि आनंद ओसरला. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या माणसाला त्या जाळीत फलंदाजी करायला कुणी दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, बॅट धरणे हे साहेबाचे. अशी ती वाटणी.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानात त्यांनी चेंडू हाती घेतलेला चालत होता, तोच चेंडू इतरांनी झेललेला चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला विटाळ, हे गणित कुठल्या विद्यापीठाचे? १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेव्हा त्यांचे वय पस्तीस. तरीही हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. एका घरात दाराला धक्का एकाने दिला आणि आत दुसरा गेला. त्यालाही वाटच पाहावी लागली.

जुने वाचक लगेच आठवण देतील, की १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभे राहिले होते. खरे आहे. पडलेही. पण मैदानाचा हिशोब मैदानात ठेवावा. ज्या माणसाच्या हाती बॅट दिली गेली नाही त्याने ११४ बळी घेतले, ही नोंद माझ्या वहीत पहिल्या ओळीवरच राहील.

दुसरा गडी : एकनाथ सोलकर

बाळू मुंबईत ज्या पी. जे. हिंदू जिमखान्यासाठी खेळले, त्याच जिमखान्याच्या मैदानावर पुढे एक माळी काम करत होते. राहायला तिथेच, एका खोलीचे घर. त्यांचा मुलगा एकनाथ. जन्म १९४८. लहानपणी सामन्यांच्या वेळी धावफलकाचे आकडे बदलायचे काम करायचा. आकडे बदलता बदलता आकड्यात आला!

त्याची जागा कुठली, तर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, आखूड लेगला. आमच्याकडे रबरी चेंडूलासुद्धा तिथे कुणी उभे राहत नाही. हा कठीण चेंडूला, शिरस्त्राणाशिवाय उभा राहायचा. २७ कसोटीत ५३ झेल. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने ओव्हलवर इंग्लंडला हरवून त्यांच्या देशातली पहिली मालिका जिंकली. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना पाठ असतात. इंग्लंड १०१ मध्ये आटोपले. पण त्याच डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने अंग जमिनीवर झोकून अॅलन नॉटचा झेल घेतला, तो फोटो ज्यांनी पाहिला आहे त्यांना विचारा. झेल घेणाऱ्याच्या नावापुढे धावा लागत नाहीत, बळी गोलंदाजाच्या खात्यात जातो. चंद्रा, वेंकट, बेदी, प्रसन्ना यांच्या खात्यात या माणसाची किती रक्कम जमा आहे, हे कुणीतरी कारकुनाने एकदा काढायला हवे. मी काढली असती; पण मार्चअखेर जवळ आहे.

उजव्या रकान्यात मी लिहिले, 'वडिलांच्या नोकरीमुळे फाटक उघडे मिळाले'. बाळूही फाटकाच्या आतच होते. फरक एवढाच, की मधल्या साठसत्तर वर्षांत माळ्याच्या पोराला जाळीत बॅट धरू देण्याइतके देशाचे मन मोठे झाले होते.

तिसरी : कविता राऊत

नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातला सावरपाडा. पाणी लांबून आणायचे, शाळा लांब. धावण्याला बॅट लागत नाही, पॅड लागत नाही, सुरुवातीला बूटही लागत नाहीत. तिथल्या मुलीला परवडणारा खेळ हाच. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत याच अंतरात रौप्य. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. आमच्या भागातल्या एसटीपेक्षा ही एक्सप्रेस नक्कीच वेळेवर धावली. उजव्या रकान्यात नाव आहे नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचे. पोरगी चांगली धावते हे पुष्कळांनी पाहिले असेल. 'उद्यापासून सरावाला ये' म्हणणारा एकच निघाला.

चौथा : अविनाश साबळे

हा आपल्या मराठवाड्याचा. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. आईवडील वीटभट्टीवर राबलेले. शाळा सहा किलोमीटर, गाडीघोडा नाही, म्हणून पायी आणि पळत. बारावीनंतर सैन्यात गेला, तोही पाचव्या महार पलटणीत. आता माझी छाती दोन इंच फुगली असेल तर वाचकांनी समजून घ्यावे! सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला आणि मग सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले. तीन हजार मीटर धावायचे. वाटेत २८ वेळा आडवे लाकूड ओलांडायचे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. आमच्या पांदीतून पावसाळ्यात शाळेला जाणाऱ्या पोरांना हा खेळ वेगळा शिकवावा लागणार नाही.

१९९८ ते २०१८ पर्यंतच्या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला अविनाशने त्यात पाचर मारली. ८ मिनिटे ११.२० सेकंद, रौप्यपदक. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. पुढच्या वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. उजव्या रकान्यात काय लिहू? सरकारी भरती आणि एका फौजी गुरूची नजर.

पाचवी : सारिका काळे

धाराशिवची, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादची. घरची परिस्थिती हलाखीची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती आणि संघाने सुवर्ण जिंकले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तोही भारताच्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार प्रियांका इंगळे ही आपल्या महाराष्ट्राचीच. मराठवाड्याच्या शाळेत चुन्याच्या रेघा ओढून खेळलेला हा खेळ कुठवर गेला पाहा.

या खेळाचा एक नियम मी पन्नास वेळा पाहिला असेल. पण त्याचा अर्थ आता लागला. आठजणी चौकोनात बसलेल्या असतात. कितीही चपळ असली तरी बसलेली मुलगी आपणहून उठू शकत नाही. मागून कुणीतरी पाठीला हात लावून 'खो' म्हणावे लागते. खो मिळाला की मग तिची चपळाई. खो मिळालाच नाही तर पूर्ण डाव संपेपर्यंत ती तशीच बसून. पाहणाऱ्याला वाटेल, ही काही खेळली नाही.

पाच झाले. वही मिटताना बेरीज मारली. डाव्या बाजूचे आकडे मोठे आहेत, पेपरात छापून येतात. उजव्या बाजूला मात्र एकेकच ओळ. एक फाटक, एक मास्तर, एक भरती, एक खो. ती ओळ कोरी राहिली असती तर डावी बाजूही कोरीच राहिली असती. रोळ ओढणारे त्या काळी पुण्यात आणखीही असतीलच. वीटभट्टीवरून शाळेला पळत जाणारी पोरे तर आजही आहेत. गुण कमी आहेत म्हणून आपली पोरे मागे राहतात असे म्हणणे सोपे. खो देणारा हात आखडला होता, हे कुणी लिहून ठेवत नाही.

आणि तो हात कधी कधी साहेबाचा नसतो. पोट सुटलेल्या, बॅटचे पैसे दिलेल्या, व्यासपीठावर समतेवर भाषण करणाऱ्या काकाचाही असतो. तीन रविवार "पुढच्या रविवारी" म्हणणारा मी, आणि जाळीत बाळूंना बॅट न देणारा साहेब, यांच्यात कितीसा फरक राहिला? त्याने निदान आठ आणे तरी दिले!

म्हणून परवाच्या रविवारी मी माझाच नियम मोडला. पहिली बॅट तिच्या हाती दिली. पोरांनी कुरकुर केली, तिच्या भावाने सर्वांत जास्त. मीच चेंडू टाकायला गेलो. आमच्याकडे पहिला चेंडू नेहमी ट्रायल असतो, तो तिने सोडला. दुसऱ्या चेंडूवर मधली पऱ्हाटी गेली.

सगळे ओरडले, "आऊट! दे बॅट!" ती तिथेच उभी राहिली. मला म्हणाली, "काका, तुम्ही पहिल्यांदा खेळलात तेव्हा किती काढल्या होत्या?"

मी खरे सांगितले. शून्य.

"मग?" असे म्हणून तिने पऱ्हाटी पुन्हा रोवली आणि बॅट धरली. मी चेंडू उचलून परत मागे चालत गेलो.

या आठवड्याची बारावी खेळाडू तीच. तुमच्या वस्तीत बांधावर कुणी चेंडू आणून देत उभी असेल, तर तिला किती दिवस 'पुढच्या रविवारी' म्हणताय ते एकदा मोजा. पुढच्या अंकात यष्टिरक्षक. भांडायला या, चहा तुमच्याकडून.