ध्वनिक्षेपक पिशवीत, नियम कागदावर

ध्वनिक्षेपक म्हटला की आजवर मंडप, जनरेटर आणि पोलिसांची परवानगी आठवत असे. ब्लूटूथ स्पीकरला यातले काहीच लागत नाही. दिवाणखान्यात वाजणारा स्पीकर आता गडावर आणि समुद्रकिनाऱ्यावरही पोहोचला आहे. त्यामुळे त्याची निवड ही केवळ ग्राहकाची खासगी बाब उरलेली नाही.

घरात भिंती आवाज परतवतात, म्हणून लहान स्पीकरही पुरतो. उघड्यावर मात्र अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. साहजिकच ग्राहक अधिक वॅट मागतो. वास्तविक स्पीकर निम्म्या अंतरावर आणून ठेवला, तर चौपट वॅटचे काम फुकटात होते. ‘आयपी ६७’ ही खूण धुळीपासून व १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे संरक्षण सांगते. मात्र खाऱ्या पाण्याची हमी तीत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील निर्बंध ध्वनी निर्माण करणाऱ्या अन्य साधनांनाही लागू आहेत. मंडपावर कारवाई करता येते. पिशवीतल्या स्पीकरवर नजर कोण ठेवणार? शेजारच्या घरातील रुग्णाची झोप अखेर खरेदीदाराच्या विवेकावरच अवलंबून राहते. तेव्हा दुकानात ‘किती मोठा वाजतो’ यापेक्षा ‘हळू आवाजात किती स्पष्ट वाजतो’ हा प्रश्न आधी विचारला जायला हवा.