वाघबीळात वाघ का नाही?



ठाण्याहून घोडबंदरला जाताना मानपाड्याच्या पुढं वाघबीळ लागतं. बीळ म्हणजे राहायचं ठिकाण. जागा कोणाची होती हे नावातच लिहिलंय, वेगळा सातबारा काढायला नको. आज तिथं वाघ नाही, टॉवर आहेत. आणि त्याच टॉवरमधली शहाणी माणसं आपल्याला विचारतात, जंगल कोणी खाल्लं?

१३ डिसेंबर २००५ ला वनहक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं. पुढं ते संसदेच्या संयुक्त समितीपुढं गेलं. तेव्हा वर्तमानपत्रांत एकच रड चालली. माणसं वाढली, जंगल घटलं, जनावर उघड्यावर आलं. त्यात आदिवासींना जमिनी दिल्या की वाघ संपलाच! ऐकायला बरोबर वाटतं. पण माणसं वाढली म्हणजे कोण वाढली? कुठं वाढली? हे कोणी सांगत नाही. तर आपण मोजू.

सरकारची शिरगणती काय म्हणते? ठाणे महापालिकेत १९९१ ला ८ लाख लोक होते, २००१ ला साडेबारा लाखांवर गेले. कल्याण-डोंबिवली १० लाखांवरून १२ लाखांच्या जवळ गेली. दहा वर्षांत दोन शहरांत मिळून सहा लाखांवर माणूस वाढला. येऊरच्या सगळ्या पाड्यांची माणसं धरली तरी घोडबंदरच्या एक-दोन संकुलांत मावतील. मग जंगलावर भार कोणाचा?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. कळवा-मुंब्र्याच्या डोंगरावर झोपडी टाकणारा आपला दुश्मन नाही. त्याच्या गावाला पाणी नव्हतं, काम नव्हतं, म्हणून तो इथं आला. पारसिकचा डोंगर खदानींनी फोडला. खाडीची तिवरं भराव टाकून मारली. डोंगराच्या पायथ्याशी इमारतीला परवानगी देणारा सही करून मोकळा झाला. जंगल माणसांच्या संख्येनं नाही, असल्या सह्यांनी गेलं.

१९९७ ला उच्च न्यायालयानं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. हजारो झोपड्या तुटल्या. त्याच झपाट्यात पिढ्यान्पिढ्या राहणारे वारलींचे पाडेसुद्धा अतिक्रमणात धरले. उद्यान व्हायच्या आधीपासून जो तिथं आहे तो घुसखोर, आणि येऊरला कुंपण घालून बंगला बांधणारा कोण? त्याच्या दारात बुलडोझर किती वेळा गेला? पुढं ३ मे २००२ ला दिल्लीहून पत्र निघालं, सप्टेंबरअखेर सगळी अतिक्रमणं काढा. नांगर आडवा ठेवायला लागले ते आपल्यालाच.

आता बिबट्याचं. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेनं बिबट्यानं महिन्याभरात कितीतरी माणसं मारली. दोष कोणाला? वाढत्या वस्तीला. पण वस्तीचा कचरा उद्यानाच्या भिंतीला कोण टाकू देतं? कचऱ्यावर कुत्री जगतात, कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो. एका ठिकाणी दिसला की पिंजऱ्यात धरायचा आणि अनोळखी रानात नेऊन सोडायचा, ही रीत तेव्हा खात्याचीच होती. मुलूख तुटलेलं जनावर बिथरणार नाही तर काय? आम्ही वाघोबाला शेंदूर लावतो, वाघबारस पाळतो, ते भोळेपणानं नाही. त्याची वाट कुठली, आपली कुठली, अंधार पडल्यावर पोर कुठं सोडायचं नाही, हे त्यातनंच पुढच्या पिढीला कळतं. आणि बिबट्या आला तर पहिलं पोर आमचंच जातं, टॉवरमधलं नाही.

पाण्याचंही तेच. तानसा, वैतरणा, भातसा ही सगळी धरणं आपल्या रानात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि शहापूरच्या पाड्यांत उन्हाळा लागला की बाया टँकरची वाट बघत बसतात. बारवीचं पाणी डोंबिवलीच्या कारखान्यांना. त्याची उंची पुढं अजून वाढवली, म्हणजे अजून रान आणि अजून घरं बुडाली. त्या बुडालेल्या रानातलं भेकर, ससा, मोर कोणाच्या हिशेबात धरायचे? त्याबद्दल एकही वन्यजीवप्रेमी नळ बंद करत नाही.

आपलंही खरं बोलू. पाड्यांतही माणूस वाढलाय. बापाच्या प्लॉटचे चार तुकडे झाले. ठेकेदाराच्या मजुरीवर साग तोडताना कुऱ्हाड आपल्याच हातात होती. दोन पैशांसाठी दलालाला अंगठा देणारेही आपल्यातच निघाले. हे लपवून चालणार नाही. पण ज्याला उद्या हाकलतील तो झाड कशाला राखेल? नावावर हक्क आला, रानाचा कारभार ग्रामसभेकडे आला, तर आपल्या माणसाची कुऱ्हाडही आपल्यालाच धरता येईल. रेंजरच्या भीतीनं जंगल राहिलं असतं तर एव्हाना घनदाट असतं.

त्या विधेयकात दोन खोडे होते. एक, २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीचीच वहिवाट धरणार होते. तेव्हाचा कागद आपल्याला कोणी दिला होता? दुसरा, राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या गाभ्यात फक्त पाच वर्षांचा कच्चा हक्क, तेवढ्या वेळात उठवायची सोय. येऊर आणि तानसा अभयारण्यातल्या पाड्यांनी हे दोनदा वाचायला हवं होतं. ही तारीख पुढं आणायलाच हवी होती. आणि ग्रामसभेच्या राजीशिवाय कोणालाही हलवता कामा नये.

तेव्हा कामाला लागा. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, रेशनकार्ड, जे असेल ते पत्र्याच्या पेटीतनं काढा. कागद नसेल तर म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. जुनी विहीर, बांध, आंब्याचं झाड, वाघोबाचं ठाणं दाखवा. पाड्यापाड्यात बैठक घेऊन ठराव करा, अंगठे घ्या आणि संघटनेकडे पोचवा. कायदे दिल्लीत होतात, पण साक्ष आपल्या पाड्यातनं गेली पाहिजे.

वाघबीळचा वाघ परत येणार नाही. पण त्याच्या मागोमाग आपलंही नुसतं नाव उरू द्यायचं नाही.