विश्लेषण : पावसात गाडी रस्ता का सोडते? रेस ट्रॅकचे नियम बीडच्या महामार्गावर कसे उपयोगी पडतात?

धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा या पट्ट्यात वाहनांचा वेग वाढला आहे. उन्हाळ्यात अंगवळणी पडलेला हाच वेग पावसाळ्यात जिवावर बेततो. शर्यतीच्या ट्रॅकवर ओल्या रस्त्याचा धोका गृहीत धरून नियम आखले जातात. यातले बरेचसे नियम चारचाकी आणि दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही पाळता येतात.

ओल्या रस्त्यावर नेमके काय होते?

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी वळवण्याची आणि थांबवण्याची सारी ताकद या चार तळहातांत असते. रस्त्यावर पाणी असेल तर टायरच्या खाचा ते बाजूला फेकतात. वेग वाढला की पाणी फेकायला वेळ पुरत नाही, टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते आणि टायर तिच्यावर चढतो. यालाच ‘अ‍ॅक्वाप्लेनिंग’ म्हणतात. या क्षणी स्टेअरिंग एकदम हलके लागते, पण ते फिरवून गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबून थांबत नाही.

कोणत्या वेगाला असे होते?

विमानांच्या चाकांचा अभ्यास करताना ‘नासा’च्या संशोधकांनी १९६०च्या दशकात एक ढोबळ सूत्र मांडले. हा वेग टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असतो. या सूत्रानुसार हवा ३२ असेल तर साधारण ९४ किलोमीटर वेगाला टायर तरंगू शकतो. हवा २४ पर्यंत उतरली असेल तर हा वेग ८२ वर येतो. टायर गुळगुळीत असेल आणि पाणी साचलेले असेल, तर धोका याहूनही कमी वेगाला सुरू होतो. ट्रकच्या टायरमध्ये हवा शंभरच्या पुढे असते. त्यामुळे ‘पुढचा ट्रक आरामात चाललाय’ म्हणून त्याच वेगाने कार हाकणे फसवे ठरते.

रेस ट्रॅकवर काय करतात?

कोरड्या ट्रॅकवर खाचा नसलेले गुळगुळीत टायर वापरतात. पाऊस आला की गाडी आत घेऊन ते बदलले जातात. फॉर्म्युला वनमध्ये मुसळधार पावसासाठी असलेला टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाहेर फेकतो. साध्या कारला अशी सोय नसते. तिच्या मालकाच्या हाती खाचांची खोली तपासणे एवढेच उरते. कायद्यानुसार कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी. खाचेच्या तळाशी असलेल्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत टायर झिजला, की तो बदलण्याची वेळ झाली.

दुसरा नियम एका वेळी एकच काम करण्याचा. ओल्या ट्रॅकवर चालक गाडी सरळ असतानाच ब्रेक लावतो, वेग उतरल्यावर वळण घेतो आणि वळण संपल्यावरच हळूहळू वेग वाढवतो. वळणात ब्रेक दाबला तर टायरची उरलीसुरली पकड दोन कामांत वाटली जाते आणि गाडी घसरते.

तिसरा नियम दिसण्याचा. पावसात रेस कारच्या मागे लाल दिवा लागलेला असावाच लागतो, कारण उडणाऱ्या तुषारांत पुढची गाडी दिसत नाही. महामार्गावर यासाठी भरदिवसाही हेडलाइट लो बीमवर लावावेत. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवू नयेत. त्यामुळे गाडी वळणार आहे की उभी आहे, हे मागच्याला कळत नाही.

वेग २० किलोमीटरने कमी केला तर किती फरक पडतो?

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर ८० च्या वेगातील कार थांबायला साधारण ७० मीटर घेते. तीच कार ओल्या रस्त्यावर सुमारे ९६ मीटर घेते. वेग ६० ठेवला तर ओल्या रस्त्यावरही ती ६० मीटरमध्ये थांबते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. समजा दोन कार ओल्या रस्त्यावर शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ६० ने आणि दुसरी ८० ने. दोघींच्या चालकांनी एकाच क्षणी धोका पाहिला. पहिली जिथे पूर्ण थांबेल, तिथे पोहोचताना दुसरी अजून ६० च्या वेगात असेल. बीड ते गेवराई एवढ्या अंतरात या २० किलोमीटर वेगाने वाचतात ती अवघी काही मिनिटे.

बीडच्या रस्त्यांवर धोका कुठे जास्त?

पहिला धोका पहिल्या सरीचा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पहिल्या पावसात निसरडा थर तयार करतात. दुसरा धोका काळ्या मातीचा. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो. अशा ठिकाणी दुचाकी सरळ चालत असली तरी घसरते. तिसरा धोका घाटांचा. मांजरसुंब्याचा घाट आणि धारूरचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरणे सुरक्षित. चौथा धोका परतीच्या पावसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बिऱ्हाडासह ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पावसाच्या रात्री अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि तिच्यात अख्खे कुटुंब बसलेले असते. हंगामापूर्वी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याचा खर्च किरकोळ आहे. वाहनमालक, मुकादम आणि कारखाना यांनी ही जबाबदारी एकमेकांवर ढकलण्यासारखी नाही.

पहिल्या अपघातानंतर दुसरा का होतो?

एक गाडी जिथे घसरली, तिथे पुढचीही घसरण्याची शक्यता असते, कारण पाणी, चिखल आणि वळण तेच असते. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका ट्रॅकवर पावसात एक कार घसरून बाहेर गेली. ती उचलायला क्रेन आली, पिवळे झेंडे फडकत होते. पुढच्याच फेरीत फ्रान्सचा चालक ज्युल्स बियांकी त्याच वळणावर घसरला आणि क्रेनवर आदळला. जुलै २०१५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलला. वेग किती कमी करायचा हे चालकाच्या मर्जीवर न सोडता ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’द्वारे सर्व गाड्यांना एकाच वेळी ठरावीक मर्यादेत आणले जाऊ लागले.

बीडने दुसऱ्या धडकेची किंमत मोजली आहे. २६ मे २०२५ च्या रात्री गेवराई तालुक्यातील गढीजवळ दुभाजकाला धडकलेल्या गाडीपाशी थांबलेल्या सहा जणांना भरधाव मालवाहू वाहनाने चिरडले. अशी धडक व्हायला पाऊस असावाच लागतो असे नाही, पण पाऊस असेल तर मागच्या चालकाला दिसते कमी आणि थांबायला अंतर लागते जास्त.

म्हणूनच गाडी बंद पडली किंवा धडकली, तर आधी माणसांनी रस्ता सोडावा. रेलिंगच्या पलीकडे उभे राहावे, गाडी ढकलत बसू नये. गाडी उभी असताना चारही इंडिकेटर लावावेत. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण मागे किमान १०० मीटरवर ठेवावा, कारण ओल्या रस्त्यावर ८० च्या वेगातील कारला तेवढे अंतर लागतेच. तो ठेवायला जाताना कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

गाडी तरंगू लागली तर?

ब्रेकवर पाय मारू नये आणि स्टेअरिंग झटक्याने फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढून स्टेअरिंग सरळ धरावे. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतो. आधीच स्टेअरिंग फिरवून ठेवलेले असेल, तर पकड येताच गाडी त्या दिशेला उसळते. ‘एबीएस’मुळे चाक जाम होत नाही, पण पाण्यावर तरंगणाऱ्या टायरला ही यंत्रणा पकड देऊ शकत नाही. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा.

थांबायचे केव्हा?

२९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जियममधील स्पा ट्रॅकवर फॉर्म्युला वनचे चालक तासन् तास पाऊस थांबण्याची वाट पाहत राहिले. अखेर सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या मारून शर्यत संपवली गेली आणि निम्मेच गुण देण्यात आले. पावसासाठीचे खास टायर होते, निष्णात चालक होते, पण पुढचे दिसत नव्हते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील अनेक रस्त्यांवर पाणी आले होते. पुढच्या गाडीचे दिवे दिसेनासे झाले की पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या आवारात थांबावे, महामार्गाच्या कडेला नव्हे. आणि पुलावरून पाणी वाहत असेल, तर ‘रोजचा रस्ता आहे’ या भरवशावर गाडी पाण्यात घालू नये. त्या पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही.