खेळाचा जादा तास कोणासाठी?

ज्वारीचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंगळवेढ्यात मोकळ्या रानाला तोटा नाही. मुले शेतात, गल्लीत दिवसभर हुंदडतात; मग शाळेने खेळाचा जादा तास घ्यायचा कशाला, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. पण हुंदडण्याने दम वाढला, तरी एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून नीट उतरणे, चेंडू नेमका फेकणे आणि झेलणे ही कौशल्ये केवळ वय वाढले म्हणून येत नाहीत. ती शिकवावी लागतात.

यांनाच कारक कौशल्ये म्हणतात. डोळे, कान आणि सांध्यांकडून आलेली माहिती जुळवून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. हालचाल चुकली, की पुढच्या वेळी ती दुरुस्त होते. या कामात लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा घाम गाळण्यापेक्षा रोजचा थोडा सराव अधिक उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमदार हालचाल सुचवली आहे.

जादा तासांनी नेमका काय फरक पडतो, हे स्वीडनमधील माल्मो शहराच्या बुंकेफ्लो भागात पाहिले गेले. तेथे १९९९ पासून काही मुलांना आठवड्यात शारीरिक शिक्षणाचे दोनऐवजी पाच तास मिळू लागले. ही मुले नववीत पोहोचली तेव्हा त्यांच्यापैकी ९३ टक्के मुलांची कारक कौशल्ये चांगली होती. नेहमीचे दोनच तास मिळालेल्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते. पुढील शिक्षणास पात्र ठरणाऱ्यांचे प्रमाणही अनुक्रमे ९६ आणि ८९ टक्के होते. एका वस्तीतील प्रयोग म्हणजे अंतिम शब्द नव्हे. पण खेळाने अभ्यास बुडतो ही भीती तेथे तरी खरी ठरली नाही.

या प्रयोगातील खरा धडा वेगळाच आहे. ज्यांना तोल सांभाळणे, झेलणे जमत नव्हते, त्यांना आणखी एक खास तास दिला गेला. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. जादा सराव मिळतो तो खो-खो, कबड्डीच्या संघात निवडलेल्यांना. बाकीची मुले कडेला बसून टाळ्या वाजवतात. ज्याच्या हातून चेंडू सुटतो त्याला कोणी संघात घेत नाही, म्हणून त्याचा सराव होत नाही, आणि तो आणखी मागे पडतो.

कायद्यातही एक फट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक करतो. पण शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी, तीही शंभराहून अधिक पट असेल तरच आहे. कौशल्यांचा पाया घातला जातो त्या पहिली ते पाचवीच्या वयात सारी भिस्त वर्गशिक्षकांवरच राहते. पी.टी.चा तास मग गणिताला दिला जातो, यात नवल ते काय?

यावर उपाय महागडे नाहीत. काळ्या मातीचे मैदान पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायतीने त्यावर मुरूम टाकून द्यावा. प्राथमिकच्या शिक्षकांना या विषयाचे प्रशिक्षण मिळावे. लंगडी, लगोरी, दोरीवरच्या उड्या असे खेळ सहा-आठ जणांच्या गटांत घेतले, तर प्रत्येकाची पाळी वारंवार येते. जूनमध्ये आणि मार्चमध्ये प्रत्येक मूल एका पायावर किती सेकंद उभे राहते, दहापैकी किती चेंडू झेलते, याची नोंद वहीत ठेवावी. उन्हाळ्यात हा तास सकाळीच घ्यावा.

जादा तास वाढवून तो निवडक खेळाडूंनाच द्यायचा असेल, तर वेळापत्रक बदलून फारसे काही साधणार नाही. आज कडेला बसलेल्या मुलांची मार्चमधली नोंद जूनपेक्षा सुधारली, तरच तो तास कारणी लागला म्हणता येईल.