चुकून गेला तो एक ग्लास

शाळा सुटल्यावर आम्ही कसारा स्टेशनात येतो, तेव्हा उन्हाळ्यात घसा नुसता कोरडा पडलेला असतो. मुंबईला पाणी पाजणारे तानसा आणि भातसा आमच्याच शहापूर तालुक्यात. तरी एप्रिल-मेमध्ये इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. माठ रिकामा असला, तरी दुकानातला थंड पेयांचा फ्रीज मात्र भरलेला असतो. अशा तहानेतूनच आम्हाला रोज एका बाटलीची सवय लागली.

गेल्या वर्षी तपासणीत आमची उपाशीपोटीची साखर 112 निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात." घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरे पहिल्यांदा वाचली. कोलामध्ये 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत 5-6 चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सल्ल्याप्रमाणे वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आमचा तेवढा वाटा एका बाटलीतच संपत होता. चहा आणि बिस्किटे तर वेगळीच! त्या रात्री दस्तरखानवर सगळ्यांनी मिळून ठरवले, बाटली बंद.

अडीच महिने निभावले. मग नात्यातल्या एका वलिम्याला गेलो. स्टीलच्या ग्लासात बर्फ, लिंबाची फोड, वर काळे मीठ. लिंबू सरबत समजून पूर्ण ग्लास रिकामा केला. टेबलाखाली मोठ्या बाटल्यांची रांग दिसली, तेव्हा उलगडा झाला. वाईट वाटले. पण खरी चूक पुढे झाली. 'आता मोडलेच आहे तर' म्हणत बिर्यानीबरोबर कोला घेतला. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर बाटली, तिसऱ्या दिवशीही.

सातवीतल्या लेकीच्या नजरेतून ते सुटले नाही. ती म्हणाली, "अम्मी, रोज्यात विसरून पाणी प्यालं तर रोजा तुटत नाही, असं तूच सांगतेस ना? पण आठवल्यावरही पीत राहिलं तर?"

आम्ही गप्प झालो. वर्गात शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट स्वतःला लावायची राहून गेली होती. पहिला ग्लास ही भूल होती, त्यानंतरचे सगळे आमच्या मर्जीने घेतलेले होते. भुलीची लाज वाटली आणि त्या लाजेपोटीच आम्ही सवयीला दार उघडून दिले.

त्या रात्री पुन्हा नियत केली. मागचे अडीच महिने मात्र पुसून टाकले नाहीत. तेवढे दिवस साखर पोटात गेली नव्हती, हे खरेच होते.

आता काही गोष्टी पाळतो. दावतीत ग्लास हातात घेण्याआधी सरळ विचारतो, "घरचं आहे की बाटलीतलं?" यजमानांना राग येत नाही; उलट कुणीतरी आपलीही साखर सांगू लागते. पिशवीत घरचे पाणी असते. घरी ताक, सब्जा घातलेले लिंबूपाणी, किंवा कैरीचे पन्हे, गूळ बेताचा. इफ्तारचे लाल सरबतही साखरेचा पाकच असतो, म्हणून ते चमचाभरच. मे महिन्यात द्रोणातली करवंदे तर आहेतच.

कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, कारण चढ 37 फुटांना 1 फूट इतका उभा आहे. सवय सोडणेही तसेच. आमच्या घरात मागून ढकलणारे इंजिन सातवीत शिकते आहे, अल्हम्दुलिल्लाह.

तुमच्याही घरात कुणाचा पाय घसरला, तर त्याला टोमणा मारू नका. पाण्याचा ग्लास पुढे करा.