गाडी कपाटात नको, मातीत हवी

लहानपणी जत्रेतून आणलेली रिमोटची गाडी बंद पडली की तुम्ही काय केलंत? खरं सांगा. चार स्क्रू काढले, आतली मोटर ओढून बाहेर काढली, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचं पातं खोचलं, दोन पेन्सिल सेल जोडले आणि पंखा केला. कराडपासून कडेगावपर्यंत घरोघरी एका तरी पोराने (आणि पोरीनेसुद्धा, त्यावर पुढे येतेच) हा उद्योग केलेला आहे. आपल्या आयुष्यातलं पहिलं प्रॅक्टिकल ते. बऱ्याच जणांचं शेवटचंही तेच.

कारण त्यानंतर आपल्या हातात आलेल्या वस्तू खोलताच येत नाहीत. फोनची मागची बाजू चिकटवलेली, इअरबड्सची बॅटरी गेली की नवे घ्या, कॉलेजात लॅबचं मशीन काचेपलीकडे आणि जर्नल सीनियरचं बघून उतरवलेलं. मेकॅनिकलची डिग्री घेतलेला पण गिअरबॉक्स एकदाही न उघडलेला एक तरी दोस्त तुमच्या ओळखीत असणार. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही इंजिनिअरिंगला असा नाहीतर बी.ए.ला, एकदा तरी एक जुनी रिमोट कंट्रोल गाडी स्वतःच्या हाताने खोला, जोडा, सुधारा आणि पळवा. ‘पळवा’वर माझा भर आहे. जपून ठेवायला मी सांगत नाहीये.

जुनी म्हणजे जत्रेतली नव्हे. या छंदात ‘व्हिंटेज’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी येते. या कंपनीची पहिली रिमोट गाडी १९७६ ची, पोर्शे ९३४, खऱ्या गाडीच्या एक बारांश आकाराची. तिचं मॉडेल नीट उतरावं म्हणून शुनसाकु तामिया यांनी चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती खोलून बघितली. मग १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट आल्या, एक दशांश आकाराच्या, मातीत पळणाऱ्या बग्गी. जगभरात एका अख्ख्या पिढीची पहिली गाडी यातलीच एखादी. या गाड्या तयार मिळत नसत. खोक्यात सुटे भाग, स्क्रूच्या पिशव्या आणि चित्रांची पुस्तिका. आधी गिअरबॉक्स भरा, मग चाकं, मग सर्व्हो, शेवटी बॉडी रंगवा. चूक झाली तर मागच्या पानावर जा.

आणि मुख्य मुद्दा इथे आहे. या गाडीचा प्रत्येक भाग सुटा मिळायचा. दात झिजलेला गिअर, वाकलेला एक्सल, फुटलेला बंपर, ज्याची गरज तेवढंच घ्यायचं. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची ग्रासहॉपर आजही पळते. कंपनीने २००४ मध्ये हॉर्नेट आणि २००५ मध्ये ग्रासहॉपर पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे जुन्या गाडीला चालणारे बरेच नवे भागही मिळू लागले. आपल्याकडे ही गोष्ट अगदी परकी नाही. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच तडकली म्हणून कुणी कंदील टाकून देत नसे. काच बदलायची, वात कापायची, पुन्हा लावायचा. ती सवय आपल्या आजोबांना होती. मधेच कुठेतरी सुटली.

भारतात या गाड्या फारशा पोचल्या नाहीत त्याला कारण होतं. २००१ पर्यंत ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर निर्बंध होते, खेळण्यांवर तर होतेच. त्यामुळे जी काही आली ती कुणाच्या तरी काकांच्या बॅगेतून. मलकापुरात माझ्या एका वर्गमित्राच्या घरी अशीच एक ग्रासहॉपर आहे. काका दुबईला नोकरीला होते तेव्हाची. चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून मलकापूर बातम्यांत गाजलं, पण इथे राहणाऱ्याला ते हायवेलगतच्या गॅरेजांचं, शोरूमचं आणि लेथचं गाव म्हणूनच जास्त माहीत असतं. असल्या गावात ही गाडी वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ती खोलली. जुने सेल फुटून आत पांढरी पूड साचलेली. गिअरबॉक्समधलं ग्रीस वाळून काकवीच्या तळासारखं घट्ट झालेलं. टायरला भेगा. एका शॉकअपची दांडी वाकलेली. ती घेऊन आम्ही एका लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी ती हातातल्या हातात सरळ करून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, “आधी हे चालतंय कसं ते सांगा.” आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हाला ते नीट सांगता येत नव्हतं. मामाच अर्धं सांगून गेले.

आता येते. ऐका.

ग्रासहॉपरमध्ये वेग कमी-जास्त करायला इलेक्ट्रॉनिक काही नाही. एक सर्व्हो असतो, तो पितळी पट्टीवरून एक टोक सरकवतो. टोक जिथे टेकेल तसा विजेचा रस्ता बदलतो. हळू जायचं तर वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि उरलेली ताकद नुसती उष्णता होऊन वाया जाते. रेझिस्टर इतका तापतो की बोट लावलंत तर चटका. ओहमचा नियम आपण बारावीला तीन मार्कांसाठी लिहिलाय. तो बोटाला असा कळतो.

दुसरं, बेअरिंग. कंपनीने खर्च वाचवायला चाकाच्या आत साधे बुश दिलेले. ते काढून बॉल बेअरिंग बसवणं ही या छंदातली पहिली सुधारणा, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. तामियाच्या बऱ्याच गाड्यांत ५ बाय ११ मिलिमीटरचं बेअरिंग लागतं, बोटाच्या पेरावर मावेल एवढं. बसवल्यावर चाक हाताने फिरवा आणि ऐका. आधी खरखर करत लगेच थांबायचं, आता फिरतच राहतं. घर्षण हा शब्द मी शाळेपासून ऐकत होते. त्याचा आवाज त्या दिवशी ऐकला.

तिसरं, बॅटरी, आणि इथे जरा गंभीर व्हा. जुन्या गाड्या ७.२ व्होल्टच्या निकेल कॅडमियम बॅटरीवर चालायच्या, प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा सेल. आज लिथियम पॉलिमरची बॅटरी हलकी मिळते आणि दोन सेलची ७.४ व्होल्टची असल्याने वरवर अगदी जुळते. पण लिथियमचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो, फुगतो, पुढे चार्ज करताना पेटूही शकतो. नवीन स्पीड कंट्रोलर वेळेवर वीज तोडतो. तो पितळी पट्टीवाला जुना कंट्रोलर काहीच तोडत नाही, तो शेवटच्या थेंबापर्यंत शोषत राहतो. त्यामुळे जुना कंट्रोलर ठेवायचा असेल तर निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी घ्या. व्हिडिओत कुणी काहीही दाखवो.

रिमोट मात्र बिनधास्त बदला. जुने रिमोट २७ मेगाहर्ट्झचे, त्यात क्रिस्टल असायचा. दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की बटण तुमचं आणि वळणार शेजाऱ्याची गाडी. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला ती कटकट नाही.

आता भांडणाचा विषय. किती सुधारायचं? माझ्या त्या मित्राला ग्रासहॉपरमध्ये ब्रशलेस मोटर घालायची आहे. ग्रासहॉपरला मुळात बारकी ३८० मोटर, पण तिच्या गिअरबॉक्समध्ये ५४० बसते आणि चाळीस वर्षं लोक तेच करत आलेत. तिथपर्यंत माझी हरकत नाही. ब्रशलेस म्हणजे बुलेटच्या चासीत कारचं इंजिन घालण्यातला प्रकार. या गाडीचा मागचा एक्सल गिअरबॉक्ससकट वरखाली होतो, त्यामुळे ती खड्ड्यात बेडकासारखी उड्या मारते. त्या उड्या सांभाळत चालवण्यातच तर मजा आहे. ताकद तिप्पट केलीत तर उड्या राहतील, सांभाळणं जाईल आणि प्लॅस्टिकचे दात भुगा होतील. घालायचीच असेल तर काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, नाव लिहून ठेवायचा, एवढ्या अटीवर मी गप्प बसले आहे.

पण याच्याहून जास्त राग मला दुसऱ्या टोकाचा येतो. सीलबंद खोकी जमवणारे. खोकं उघडलं की किंमत पडते म्हणून न उघडलेली गाडी काचेच्या कपाटात ठेवायची आणि दरवर्षी तिचा भाव काय झाला ते बघायचं. अहो, मग सोनं घ्या ना. मिळणाऱ्या जुन्या गाड्या आधीच थोड्या, त्यातल्या चांगल्या कपाटात गेल्या की विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो तो उरलेला कचरा, तोही चढ्या भावाने.

संग्रह कसा असावा हे बघायला जपानला जायची गरज नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या गाड्या चालतात. सिग्नल पडतो, फाटक लागतं, गाडी येते. ती चालती ठेवायची म्हणजे कुणीतरी तिला रोज दुरुस्त करत असणार. त्याला मी संग्रह म्हणते.

याची दुसरी बाजू आपल्या शेजारीच घडली. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला, आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती मिळालीही. ती छोटी जीप आपल्या संशोधन केंद्रात मांडायची असं महिंद्रांचं म्हणणं होतं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. नियमात न बसणारी गाडी रस्त्यावर चालू शकत नाही, हेही कळतं. तरी मनात एक आलंच. हाताने केलेली गाडी प्रदर्शनाला आणि विकतची गाडी वापरायला. आपण कौतुक असंच करतो. करणाऱ्याला वर्कशॉप द्यावं असं कुणाला पटकन सुचत नाही.

वर्कशॉपवरून आठवलं, सरकार. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर नेली, २०२३ मध्ये ७० वर. स्वस्त, निकृष्ट खेळणी बाहेरून येऊ नयेत आणि इथले कारखाने चालावेत हा हेतू, आणि हेतूशी माझं भांडण नाही. पण कस्टम्सच्या वर्गवारीत लहान मुलाची बाहुली आणि स्केल मॉडेल एकाच ९५०३ क्रमांकाखाली येतात. जे किट जोडताना पोरगं गिअर रेशो शिकेल, त्यालाही खेळण्याचीच ड्युटी. इथे कुणी तशी किट बनवत असतं तर मी तीच घ्या म्हणून सांगितलं असतं. आपल्या जिल्ह्यांत फाउंड्री आहेत, लेथ आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. कुणीतरी बनवावी की. तोपर्यंत विद्यार्थ्यांसाठीच्या किटला वेगळा क्रमांक द्यायला काय हरकत आहे?

“पण परवडतं कुणाला?” हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो बरोबर आहे. नवीन किट, वर रिमोट, बॅटरी, चार्जर, एकट्याच्या पॉकेटमनीत बसत नाही. चौघांत एक घ्या. मोडकी घ्या, ती स्वस्त पडते आणि शिकवते जास्त. कॉलेजच्या लायब्ररीत जसं पुस्तक दोन आठवड्यांसाठी घरी देतात तशी एक गाडी का देऊ नये? मोडून आणली तर दुरुस्त करून परत करायची, हाच दंड. गॅदरिंगच्या डीजेचा खर्च काढून बघा, दोन-तीन गाड्या सहज येतील. हे मी माझ्या कॉलेजलाही म्हटलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि मुलींनो, तुम्हाला वेगळं. सुटे भाग घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस विचारणार, “भावासाठी का?” मी हो-नाही काहीच म्हणत नाही. आटे गेलेला स्क्रू कसा काढायचा एवढं विचारते. मग तो माझ्याशी माणसासारखा बोलायला लागतो.

पळवायला जागा कुठली, तर फेब्रुवारी-मार्चात ऊस तुटून गेलेलं रान. ढेकळं, सऱ्या, उड्या, सगळं आयतं. मालकाला विचारून जा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्यात ना ते आधी बघा. आणि दर दहा मिनिटांनी गाडी उलटी करून मागच्या एक्सलला गुंडाळलेलं पाचट काढत जा, नाहीतर मोटर जळेल.