सलामीचा पुरावा

ऑगस्ट लागला की आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘तुमच्याकडे झेंडावंदन होतं ना?’ विचारणारा कधी रिक्षावाला असतो, कधी प्रशिक्षणाला शेजारी बसलेले मराठी शाळेतले गुरुजी. त्यामागे द्वेष असतोच असे नाही. पुष्कळदा निव्वळ अज्ञान असते. पण हाच प्रश्न शेजारच्या इंग्रजी शाळेला कुणी विचारत नाही. तिथले झेंडावंदन गृहीत असते, आमचे सिद्ध करावे लागते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशातील मदरशांना स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण करण्याचा आदेश निघाला होता. आपल्याकडे तसा आदेश नसतानाही आम्ही आमच्या हातांनी फोटो काढतो, गावभर पाठवतो. मागण्याआधीच पुरावा देण्याची ही सवय आम्हाला कधी लागली, हे आमचे आम्हालाच कळलेले नाही.

म्हणून यंदा आम्ही उलटा प्रश्न विचारतो. झेंड्याचा आदर म्हणजे नेमके काय? आणि तो मोजण्याचा मक्ता कुणाकडे आहे?

महाराष्ट्रातलाच इतिहास पाहू. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. पुढच्याच महिन्यात तिथे मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली गेली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्यातला कुर्बान हुसेन हा पत्रकार, गिरणी कामगारांत काम करणारा तरुण. फासावर जाताना त्या चौघांनी एकमेकांची जात आणि धर्म विचारला नव्हता. आज आम्ही मात्र कुर्बान हुसेनचे नाव घेतो ते चारित्र्याच्या दाखल्यासारखे : ‘पाहा, आमचाही एक होता!’ हे म्हणताना आम्ही आरोप मान्य करून बसतो. शहीद हा साक्षीदार म्हणून उभा करायचा नसतो. तो चौघांतला एक होता, आणि चौघेही सगळ्यांचे होते, एवढेच मुलांना शिकवले तरी पुरे.

दुसरी गोष्ट रंगांची. आमच्या मोहल्ल्यात अभिमानाने सांगितले जाते की झेंड्यातला हिरवा रंग आपला. बाहेरचेही तेच म्हणतात : केशरी आमचा, हिरवा त्यांचा. दोघेही चुकतात. रंगांना धर्माचा अर्थ नाही, हे काँग्रेसने १९३१ सालीच ठरावाने स्पष्ट केले होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी तेच सांगितले, आणि त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी केशरीत त्याग, पांढऱ्यात सत्याचा प्रकाश आणि हिरव्यात मातीशी असलेले नाते पाहिले. झेंड्याची वाटणी करून एक पट्टी पदरात घेणे हा आदर नव्हे. जो एका पट्टीवर समाधान मानतो, तो उरलेला झेंडा दुसऱ्याच्या नावावर करून देतो.

आता कायदा. १९७१ चा कायदा झेंड्याच्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो. २००२ ची ध्वजसंहिता सांगते की झेंडा फाटका वा मळका नसावा, कार्यक्रमानंतर कागदी झेंडे जमिनीवर फेकू नयेत. मिरवणुकांत, आमच्या ईदच्या जुलूसमध्येसुद्धा, कागदी झेंडे वाटले जातात आणि संध्याकाळी गटारात सापडतात. तेव्हा कुणाच्याच भावना दुखावत नाहीत. पण एखादे मूल सलामीला हात उचलताना गोंधळले, तर त्याच्या आडनावाची चौकशी होते.

आदर आणि जबरदस्ती यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच दाखवून दिला आहे. केरळातील ख्रिस्ती यहोवा साक्षीदार पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले : शांतपणे, आदराने उभे राहणे हा अवमान होत नाही. मुलांना शिक्षा देऊन देशप्रेम शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हा निकाल वाचावा.

आणि आमच्यातल्या त्या तकरीरवाल्यांनीही वाचावा, जे झेंड्याला सलाम म्हणजे शिर्क असे सांगून पोरांच्या मनात भीती घालतात. ताजीम वेगळी, इबादत वेगळी. वडील घरात आल्यावर आम्ही उठून उभे राहतो, तेव्हा त्यांची पूजा करत नाही. एवढा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी मिंबरवरून देशाविषयी बोलू नये. अशा एका वाक्याची किंमत वर्गातल्या चाळीस मुलांना आयुष्यभर मोजावी लागते.

मग खरा अवमान कोणता? २०१८ च्या फेब्रुवारीत जम्मूतील कठुआ जिल्ह्यात तिरंगे घेऊन एक मोर्चा निघाला. मागणी काय, तर आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खुनाच्या गुन्ह्यात अटकेत असलेल्या पोलिस कर्मचाऱ्याची सुटका. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्या मोर्चातले झेंडे बहुधा स्वच्छ असतील, केशरी पट्टी वरच असेल. ध्वजसंहितेतले मोजमापही बरोबर असेल. तरीही त्या दिवशी झेंड्याचा जेवढा अवमान झाला, तेवढा आमच्या एखाद्या पोराच्या चुकलेल्या सलामीने कधी होणार नाही. झेंड्याच्या मधोमध चक्र आहे. राधाकृष्णन यांनी त्याला धर्माचे, म्हणजे नीतिनियमाचे चक्र म्हटले होते. न्यायाच्या विरोधात झेंडा उचलणारा आधी त्या चक्रावर पाय देतो.

झेंडा ही अमानत आहे. अमानत दाखवायची नसते, सांभाळायची असते. ज्या शाळेत गळक्या छताखाली मुली बसतात, गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, त्या शाळेच्या अंगणात पाहुण्याची वाट पाहत मुलांना दोन तास उन्हात उभे करणे हा आदर नव्हे. ते पाहुणे कोणत्याही पक्षाचे असोत, आमच्या संस्थेचे अध्यक्ष असोत. बालभारतीच्या उर्दू पुस्तकातही सुरुवातीला राज्यघटनेचा सरनामा छापलेला असतो. किती वर्गांत तो वाचून समजावला जातो? आम्ही स्वतःलाही विचारतो, आणि उत्तर देताना मान खाली जाते.

तेव्हा यंदा आम्ही ठरवले आहे. दोरी कुठल्या नेत्याच्या हाती देणार नाही. वर्षभर झेंडा धुऊन, घडी घालून ठेवणाऱ्या शिपाईबाबांच्या हाती देणार आहोत. त्यानंतर सरनामा उर्दूत वाचू आणि त्यातला न्याय हा शब्द मुलांना समजावून सांगू. कार्यक्रम संपल्यावर रस्त्यावरचे कागदी झेंडे मुलांबरोबर वेचू, आमच्या मोहल्ल्यातले आणि पलीकडच्या गल्लीतलेही.

फोटो मात्र काढणार नाही. ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी सकाळी शाळेत यावे. रांगेत जागा आहे.